वर्षोवर्षींचा लहान झगा

मननासाठीं शास्त्रभाग : १ शमुवेल १:२१–२८ आणि २:१८–२१



शमुवेल संदेष्ट्याच्या चरित्रांत मोठमोठ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यानें दोन राजांस अभिषेक केला, इस्राएलाचा न्याय केला आणि परमेश्वराचा शब्द निर्भयपणें सांगितला. परंतु त्या सर्वांच्या आधीं पवित्र शास्त्रानें एक अगदीं लहान गोष्ट लिहून ठेविली आहे. शमुवेल शिलो येथें एली याजकापाशीं असतां त्याची आई हन्ना दरवर्षीं त्याच्यासाठीं एक लहान झगा करीत असे, आणि वार्षिक यज्ञासाठीं नवऱ्याबरोबर वर जाई तेव्हां तो घेऊन जात असे. ज्या पुस्तकांत राजांच्या लढाया लिहिल्या आहेत, त्याच पुस्तकांत एका मुलाच्या कपड्यास जागा मिळाली आहे. ज्या आत्म्यानें हें शास्त्र लिहविलें त्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटली नाहीं. म्हणून आपणांसहि ती क्षुल्लक वाटूं नये.

आपल्या मंडळ्यांत मुलाचें नामकरण होतें, बाप्तिस्मा किंवा समर्पण होतें, त्या दिवशीं घर भरून जातें. पाळक प्रार्थना करितात, आईबाप वचन देतात, मंडळी उभी राहून त्या वचनांत वांटा घेते, आणि मग पंगत बसते. परंतु त्या दिवसानंतर मूल शाळेच्या वयाचें होईपर्यंत आपण त्याच्याविषयीं मंडळींत फारसें बोलत नाहीं. मधलीं पांच-सहा वर्षें जणूं रिकामीं आहेत आणि मूल आपोआप वाढतें, असें आपण धरून चालतों. हन्नेनें तसें धरलें नाहीं. तिनें आपलें मूल देवास एकदांच वाहिलें, पण झगा मात्र दरवर्षीं नवा केला. वचन एका दिवशीं दिलें जातें. तें पाळणें मात्र मुलाच्या वाढीबरोबर दरवर्षीं नव्यानें करावें लागतें. हीच गोष्ट आज आपण तीन विचारांनीं पाहूं.

पहिला विचार : हन्ना आपल्या मुलाचें माप जाणत होती.

झगा करावयाचा तर माप पाहिजे. हन्ना रामा येथें राहत होती आणि मूल शिलोस होतें. यज्ञासाठीं जाण्याच्या त्या थोड्या दिवसांत तिनें त्यास किती न्याहाळलें असेल याची कल्पना करा. गेल्या वर्षीं आणलेल्या झग्याची बाही कोठवर आली, घोटे किती उघडे पडले, हें पाहून तिनें परत जातांना मनांत माप धरलें असेल. तो झगा मुलाच्या अंगाच्या मापाचा होत होता. आईच्या हौसेच्या मापाचा नव्हे.

त्याच्याहि आधींची एक गोष्ट पाहा. मूल अंगावर पीत होतें तोंवर हन्ना यज्ञासाठीं शिलोस गेली नाहीं. थान तुटेपर्यंत आपण घरीं राहूं असें तिनें एलकानास कळविलें, आणि तिला बरें वाटेल तसें करण्यास त्यानें संमति दिली. त्या काळीं मूल साधारण तीन वर्षांचें होईपर्यंत आया त्यास अंगावर पाजीत असत. देवाच्या घरीं जाणें हें मोठें काम खरें. परंतु मूल अजून तयार नाहीं हें आईनें ओळखलें, बापानें मान्य केलें, आणि देवानें तिला त्याबद्दल दोष लाविला नाहीं. मुलाची वेळ ओळखणें हाहि भक्तीचाच भाग आहे.

आतां हें आपल्या घरीं आणूं. भारतांत १९७५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्यामुळें आज बहुतेक खेड्यांत अंगणवाडी आहे. तेथें सहा वर्षांखालील मुलांचें वजन व उंची घेतात, आणि दंडाचा घेर एका रंगीत पट्टीनें मोजतात. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो. मूल अतिशय कुपोषित आहे असें समजून त्यास विलंब न लावितां उपचारास न्यावें लागतें. घेर ११.५ पासून १२.५ सेंटिमीटरांच्या दरम्यान भरला तर पिवळा भाग दिसतो, आणि तोहि सावध होण्याचा इशारा आहे. कित्येक माता ह्या पट्टीस भितात. मुलास दृष्ट लागेल किंवा शेजारीपाजारी नांवें ठेवतील, म्हणून वजनाच्या दिवशीं मुलास घरींच ठेवितात. बहिणींनो, ती पट्टी हन्नेच्याच हातांतली आहे असें समजा. आपल्या मुलाचें माप घेतलें जाणें यांत अपमान नाहीं. माप ठाऊक नसल्यानें मूल खंगत जाणें हें मात्र मोठें दुःख आहे.

मुलाची वाढ केवळ अंगाची नसते. पालथें पडणें, रांगणें, पांगुळगाडा ढकलीत अंगणभर हिंडणें, आणि मग एके दिवशीं आधार सोडून पहिलें पाऊल टाकणें, ह्या सर्वांची एक वेळ असते. बहुतेक मुलें पहिल्या वाढदिवसाच्या पुढेंमागें चालूं लागतात. दुसरें वर्ष संपतां संपतां दोन शब्द जोडून बोलतात. तिसऱ्या वर्षीं गोष्टीसाठीं मागें लागतात, आणि चौथ्या-पांचव्या वर्षीं 'कां' म्हणून विचारून घरच्यांस दमवून सोडतात. कोणी दोन महिने आधीं, कोणी दोन महिने मागून; त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु दीड वर्ष उलटलें तरी मूल पाऊल टाकीत नसेल, दोन वर्षें झालीं तरी दोन शब्द जोडीत नसेल, किंवा हाक मारली असतां वळून पाहत नसेल, तर 'आमच्या घराण्यांत उशिरांच बोलतात' असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आशाताईस किंवा अंगणवाडीसेविकेस सांगावें, सरकारी दवाखान्यांत दाखवावें. ऐकूं कमी येत असल्याचें लौकर कळलें तर पुष्कळ उपाय होऊं शकतो. उशीर झाला तर तोच उपाय कठीण होतो. तसेंच तान्हेपणाच्या लसी झाल्या म्हणजे सर्व झालें असें समजूं नये. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हां पांचव्या-सहाव्या वर्षीं द्यावयाच्या लसी असतात, आणि मूल धडधाकट दिसूं लागल्यावर नेमक्या ह्याच लसींचा विसर पडतो. मुलासाठीं प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना करितों म्हणून माप घ्यावयाचें नाहीं, ही हन्नेची रीत नव्हे. तिनें प्रार्थनाहि केली आणि कापडहि बेतलें.

मापाविषयीं दोन चुका आपल्या घरांत होतात. एक चूक ही कीं, आपण झगा फार मोठा करितों. शेजारच्या घरचें मूल इंग्रजी कविता म्हणतें, म्हणून आपल्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातांत पेन्सिल देऊन त्यास अक्षरें गिरवावयास बसवितों. बोटें अजून वळत नाहींत म्हणून त्यास मारतों. तो झगा त्याच्या पायांत अडकतो आणि मूल पडतें. दुसरी चूक ही कीं, आपण झगा फार लहान ठेवितों. पांच वर्षांचें मूल आपल्या हातानें जेवूं शकतें, पाणी आणून देऊं शकतें, चप्पल जागेवर ठेवूं शकतें, 'मला क्षमा करा' असें म्हणूं शकतें. परंतु त्यास तान्हें समजून त्याचा प्रत्येक हट्ट पुरवितात, आणि तें रडूं लागलें कीं हातांत मोबाईल देऊन गप्प बसवितात. त्या मुलास वाढावयास जागाच राहत नाहीं. दोन्ही चुकांचें कारण एकच आहे : आपण शेजाऱ्याकडे पाहतों, किंवा आपल्या सोयीकडे पाहतों, मुलाकडे पाहत नाहीं.

आणि एक मूल असें आहे कीं ज्याचें माप घ्यावयास आपण सर्वथा विसरतों. आईबाप मजुरीस गेल्यावर लहान भावंडास कडेवर घेऊन दारांत उभी असलेली सात-आठ वर्षांची बहीण आपण सर्वांनीं पाहिली आहे. आपण तिला मोठी म्हणतों. बंधूंनो, ती मोठी नाहीं. धाकट्यास अंगणवाडींत पोंचविलें तर ती शाळेंत जाऊं शकेल. हन्नेस पुढें तीन पुत्र व दोन कन्या झाल्या असें शास्त्र सांगतें. त्या कन्यांसहि मोजूनच तें सांगतें. आपणहि आपल्या मुलींस मोजूं या.

दुसरा विचार : मुलांच्या चालीनें चालावें.

उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायांत याकोब व एसाव ह्या भावांची वीस वर्षांनंतरची भेट आहे. एसाव बरोबर चलण्याचा आग्रह करूं लागला, तेव्हां याकोबानें नम्रपणें नकार दिला. मुलें सुकुमार आहेत, दुभतीं जनावरें बरोबर आहेत, एक दिवस जास्त दौडविलें तर हानि होईल. तुम्ही पुढें व्हा, मी त्यांच्या पावलांच्या बेतानें सावकाश येतों, अशा अर्थाचें तो बोलला. हा तोच याकोब, ज्यानें तारुण्यांत ज्येष्ठपणाचा हक्क घाईनें मिळविला होता. आतां बाप झाल्यावर तो हळू चालावयास शिकला. आणि होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायांत स्वतः परमेश्वर आपल्याविषयीं असें सांगतो कीं, एफ्राइमास चालावयास त्यानेंच शिकविलें व त्यास आपल्या बाहूंवर घेतलें. सर्वसमर्थ देवास वेगानें चालतां येत नाहीं काय? परंतु मूल चालावयास शिकत आहे म्हणून तो वांकतो, बोट देतो, आणि पुढचें पाऊल पडेपर्यंत थांबतो. हाच देवपिता, ज्याचें नांव आपण आपल्या मुलांस शिकवितों.

नाशिक जिल्ह्यांत निफाड, दिंडोरी ह्या भागांतील आमच्या बंधूंस द्राक्षाच्या वेलाविषयीं सांगावयास नको. नव्या लागणीचा वेल बांबूच्या आधारानें वर चढवितात आणि सुतळीनें बांधतात. सुतळी आवळून बांधली तर वाढत्या खोडांत रुतते. मुळींच बांधली नाहीं तर वेल खालीं लोळतो. म्हणून जाणता माळी ती सैल बांधतो, खोड जाड झालें कीं सोडतो आणि पुन्हां बांधतो. रोप लावलें त्याच हंगामांत कोणी घड मागत नाहीं. वेलासाठीं जें शहाणपण आपण वापरतों तें मुलासाठींहि वापरावें. तीन वर्षांच्या मुलास लागू केलेला नियम पांच वर्षांच्या मुलास तसाच लागू पडत नाहीं. सुतळी सोडून पुन्हां बांधावी लागते. बंधन नसावें असें मी म्हणत नाहीं. एलीनें आपल्या मुलांस आवरलें नाहीं, आणि त्याच्या घराण्याचा नाश झाला. परंतु आवरणें वेगळें आणि भेवडावणें वेगळें.

ह्या भेवडावण्याविषयीं मला विशेष सांगावयाचें आहे. मूल जेवत नाहीं, झोंपत नाहीं, म्हणून आपण म्हणतों, बागुलबुवा येईल, पोलीस नेईल, डॉक्टर सुई टोचील. आणि आपल्या ख्रिस्ती घरांत कधीं कधीं ह्याच ओळींत प्रभूचें नांवहि येतें : येशू रागावेल, देव शिक्षा करील. बहिणींनो, ज्या मुलानें अजून प्रभूची एकहि गोष्ट ऐकिली नाहीं, त्यास प्रभूची पहिली ओळख बागुलबुवाच्या शेजारीं बसवून करून द्यावी काय? मार्काच्या दहाव्या अध्यायांत शिष्यांनीं बालकांस आणणाऱ्यांना दटाविलें, तेव्हां प्रभु रागावला हें खरें. पण तो रागावला शिष्यांवर. बालकांस त्यानें कवेंत घेतलें, त्यांच्यावर हात ठेविले, आणि त्यांस आशीर्वाद दिला. मुलाच्या मनांत देवाचें जें पहिलें चित्र उमटतें तें पुसणें फार कठीण असतें. तें चित्र कवेंत घेणाऱ्याचें असावें.

मुलांच्या चालीनें चालणें म्हणजे काय, ह्याचा एक धडा आपणांस महाराष्ट्रांतील दोन स्त्रियांनीं दिला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ सालीं आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील लहान मुलांच्या शिक्षणाचें काम सुरू केलें, आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें काम आदिवासी भागांत कोसबाड येथें गेलें. वस्तींतील गरीब मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें त्यांस दिसून आलें. आईबाप अडाणी आहेत, मुलें ओढाळ आहेत, असें म्हणून त्या थांबल्या नाहींत. मुलें आपल्याकडे येत नाहींत तर आपण मुलांकडे जाऊं, असें ठरवून त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हें नांव त्यांतूनच निघालें. तेथें मुलांस आंघोळ घालावी, केस विंचरावे, गाणीं म्हणावीं, बिया, पानें, खडे ह्यांनीं खेळतां खेळतां मोजावयास शिकवावें, असा क्रम होता. महागड्या साहित्यावांचून, मुलाच्या अवतीभोंवती जें आहे त्यानेंच शिकवितां येतें, हें त्यांनीं करून दाखविलें. आज २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून धरला आहे. अंगणवाडींत मुलें नुसतीं खेळतात असें म्हणून त्यांस घरीं ठेवूं नये. ह्या वयांत खेळणें हेंच शिकणें आहे.

जें अंगणांत होतें तें घरांतहि व्हावें. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत इस्राएलास आज्ञा आहे कीं, घरीं बसलां असतां, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना देवाच्या गोष्टी मुलांशीं बोलत जाव्या. तेथें शाळा सांगितली नाहीं, पुस्तक सांगितलें नाहीं. दिवसाचा क्रम सांगितला आहे. ज्या मातेस वाचतां येत नाहीं तीहि हें करूं शकते. भाकरी थापतांना पिठाचा एक गोळा मुलास द्यावा आणि पांच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट सांगावी. कोंबड्यांस दाणे टाकतांना, देव पांखरांस कसें जेवूं घालतो तें बोलावें. निजतांना मुलानें दिवसांतील एका गोष्टीबद्दल आपल्याच बोबड्या शब्दांत प्रभूचे आभार मानावे. त्याची प्रार्थना मोठ्यांच्या प्रार्थनेसारखी लांब व्हावी असा आग्रह नसावा. तो त्याचा लहान झगा आहे. पुढच्या वर्षीं मोठा होईल.

आणि पित्यांनो, हें सर्व बायकांचें काम आहे असें समजूं नका. हन्ना एकटी शिलोस गेली नाहीं; नवऱ्याबरोबर गेली. तिच्या निर्णयास त्यानें मान दिला. जो बाप दिवसांतून घटकाभर मुलास मांडीवर घेऊन त्याचें बोलणें ऐकून घेतो, त्याच्या मुलास पुढें 'स्वर्गांतील बाप' ह्या शब्दांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. ज्या घरीं बाप दारू पिऊन येतो आणि मूल पायांचा आवाज ऐकून लपतें, त्या घरीं हेच शब्द समजावून सांगणें किती कठीण जातें, तें आमच्या प्रचारक बंधूंस ठाऊक आहे.

तिसरा विचार : अंतर पडलें तरी झगा पोंचला पाहिजे.

हन्ना व शमुवेल एका घरांत राहत नव्हतीं हें विसरूं नये. आपल्या पुष्कळ घरांचीहि आज तीच स्थिति आहे. सुरगाणा व पेठ तालुक्यांतील कुटुंबें द्राक्षांच्या बागांत कामासाठीं महिनेच्या महिने खालीं उतरतात. कोणी मूल आजीजवळ ठेवितात, कोणी बरोबर नेऊन बांधावर निजवितात. कोठें बाप मुंबईस असतो. कोठें आई वारलेली असते. कोठें नवराबायकोंत दुरावा असतो. अशा घरांतील आईबापांस वाटतें कीं, आपलें घर धड नाहीं, तेव्हां मुलासाठीं आपण काय करणार? त्यांच्यासाठींच ही गोष्ट लिहिली आहे.

नाशिकजवळ जलालपूर ह्या गांवीं १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची कथा आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस झाला. त्या वेळीं त्यांचा मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता, म्हणजे आज आपण ज्या वयाविषयीं बोलत आहों त्याच वयाचा. घर दुभंगलें. लक्ष्मीबाई मुलास घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या, आणि पतिपत्नींची ताटातूट कांहीं वर्षें चालली. दोष कोणाचा हें ठरविण्यासाठीं मी ही गोष्ट सांगत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या लहान मुलाचें बालपण अशा दुःखांत गेलें असतांहि त्यास सांभाळणारा हात सुटला नाहीं. पुढें तें कुटुंब एकत्र झालें, आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. त्यांचें शिक्षण बेताचेंच होतें. परंतु तोच दत्तू, देवदत्त नारायण टिळक म्हणून मोठा झाल्यावर, त्यानेंच आईस आपल्या आठवणी लिहावयास लाविलें, आणि १९३४ सालापासून 'स्मृतिचित्रें' हें पुस्तक महाराष्ट्रास मिळूं लागलें. 'ख्रिस्तायन' हें काव्य बापानें आरंभिलें, आईनें पुढें नेलें आणि मुलानें शेवटास नेलें. १९३६ सालीं लक्ष्मीबाईंचा अंत नाशिक येथें झाला. जें मूल चौथ्या वर्षीं दुभंगलेल्या घरांत होतें, त्यानेंच मोठेपणीं आईच्या हातीं लेखणी दिली. घरावर संकट आलें म्हणजे मुलाचें भवितव्य संपलें असें कोणीहि मानूं नये.

परंतु कांहीं मुलांस झगा घेऊन येणारें कोणीच नसतें. त्यांचें काय? ह्याचेंहि उत्तर नाशिकच्या भूमींतच आहे. आज ज्यास आपण शरणपूर रस्ता म्हणतों, त्या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसली. अरबी समुद्रांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकेंतील मुलें तेथें आणून ठेवीत, आणि त्यांस लिहिणें-वाचणें व सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. त्यांच्या आईबापांपासून तीं कायमचीं तुटलीं होतीं. दरवर्षीं वाट पाहावी अशी हन्ना त्यांस नव्हती. नाशिकास शिकलेल्या ह्या मुलांपैकीं जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृतदेहाबरोबर आफ्रिकेंतून इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८७४ सालच्या एप्रिलच्या १८ तारखेस वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांच्या दफनाच्या वेळीं उपस्थित होता. ज्यांचें कोणी नव्हतें अशा मुलांस नाशिकनें आसरा दिला. आज आपल्या गांवांत असें मूल असेल, आईवांचून वाढणारें, व्यसनी घरांतलें, किंवा आजीच्या थकलेल्या हातांवर टाकलेलें, तर त्याचें माप कोण घेतो? बाप्तिस्म्याच्या दिवशीं मंडळी उभी राहिली होती. त्या दिवसाचें वचन मंडळीवर अजून आहे.

म्हणून आमच्या प्रचारक बंधूंस एक नम्र विनंती करितों. आपल्या गांवांतील सहा वर्षांखालील सर्व मुलांचीं नांवें एका वहींत लिहा. ज्या महिन्यांत ज्याचा बाप्तिस्मा किंवा समर्पण झालें, त्या महिन्यांत दरवर्षीं एकदां त्याच्या घरीं जा. मोठ्या सभेची गरज नाहीं, आणि घरच्यांनीं खर्च करूं नये असें आधींच सांगा; वाढदिवसासाठीं कर्ज काढणें हें मुलावर प्रेम करणें नव्हे. चार प्रश्न विचारा. मुलाचें वजन केव्हां घेतलें? लसी पुऱ्या झाल्या काय? तें अंगणवाडींत जातें काय? आणि ह्या वर्षीं तें काय नवीन शिकलें? चौथ्या प्रश्नाचें उत्तर मुलाकडूनच ऐका. तें गाणें म्हणेल, दहापर्यंत मोजील, किंवा आईच्या मागें लपेल. जें करील तें आनंदानें पाहा, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा, आणि निघा. हन्नेची वार्षिक भेट अशीच असली पाहिजे.

लूकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं आपल्या प्रभूविषयीं असें सांगितलें आहे कीं, तो ज्ञानानें व शरीरानें वाढत गेला, आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेंत वाढला. देवाचा पुत्रहि एकदम मोठा झाला नाहीं. तोहि रांगला, त्यानेंहि पहिलें पाऊल टाकलें, आणि त्याच्याहि आईस त्याचे कपडे दरवर्षीं मोठे करावे लागले असतील. ज्या प्रभूनें बालपणाची एकहि पायरी गाळली नाहीं, तो आपल्या अंगणांत धडपडत चालणाऱ्या मुलास ओळखतो. आपणहि त्या मुलास ओळखूं या.

प्रार्थना : हे स्वर्गींच्या बापा, तूं आम्हांस बोट धरून चालविलेंस. आमच्या घरांतील लहान मुलांसाठीं आम्ही तुझे आभार मानितों. त्यांचें माप ओळखण्यास आम्हांस डोळे दे, त्यांच्या चालीनें चालण्यास धीर दे, आणि ज्यांस कोणी नाहीं त्यांच्यापर्यंत पोंचण्यास प्रीति दे. जीं मुलें आज भुकेलीं किंवा आजारी आहेत त्यांस सांभाळ, आणि त्यांच्या आईबापांचे हात बळकट कर. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.